सर्वांत दुबळा विजेता कोण?

आजवर झालेल्या अजिंक्य संघांत सर्वश्रेष्ठ कोणता, हा वाद क्रीडारसिकांच्या बैठकींत नेहमींच रंगतो. त्या वादाला एक उलट बाजूही आहे. ज्यांनीं अजिंक्यपद मिळविलें, त्या संघांपैकीं अंगच्या गुणांनीं सर्वांत तोकडा संघ कोणता? हा प्रश्न प्रथमदर्शनीं थट्टेचा वाटतो. जो जिंकला तो दुबळा कसा, असें कोणीही विचारील. परंतु या थट्टेच्या पोटीं एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. मनुष्याच्या अंगचा गुण ओळखावयाचा कशावरून? त्याच्या नांवलौकिकावरून, कीं त्याच्या हातून घडलेल्या कार्यावरून?

हा वाद विशेषेंकरून अमेरिकेंत बास्केटबॉलच्या खेळासंबंधानें चालतो, व त्यांत डेट्रॉइट शहराच्या संघाचें नांव हटकून निघतें. सन २००४ मध्यें अंतिम झुंजींत या संघासमोर लॉस एंजलिसचा संघ उभा होता. त्यांत शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन व गॅरी पेटन असे चार नामांकित वीर होते. तथापि डेट्रॉइटनें पांच सामन्यांपैकीं चार जिंकून अजिंक्यपद घेतलें. त्यांच्या बचावाचा आधारस्तंभ बेन वॉलेस हा होता. नवे खेळाडू निवडण्याची जी वार्षिक प्रथा तिकडे आहे, तींत १९९६ सालीं या वॉलेसला एकाही संघानें निवडलें नव्हतें. पुढें २०२१ सालीं त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत त्याला मानाचें स्थान मिळालें. आरंभीं ज्याला कोणी विचारलें नाहीं, त्याचें मोल पटण्यास पंचवीस वर्षें लागलीं.

बास्केटबॉलमध्यें असा चमत्कार क्वचितच घडतो, व त्याचें कारण खेळाच्या रचनेंतच आहे. तेथें एका बाजूचे पांचच खेळाडू मैदानांत असतात. त्यांतील श्रेष्ठ खेळाडू ४८ मिनिटांच्या सामन्यांतील बहुतेक काळ खेळतो, आणि चेंडू पुन्हां पुन्हां त्याच्याच हातीं येतो. शिवाय अंतिम निकाल लागावयास चार सामने जिंकावे लागतात. त्यामुळें दैवाला फारसा वाव उरत नाहीं. क्रिकेटचें तसें नाहीं. तेथें गडी अकरा. सर्वांत थोर फलंदाजही पहिल्याच चेंडूवर बाद झाला, तर उरलेला डाव त्याला तंबूंत बसून पाहावा लागतो. बाद फेरींत एकाच सामन्यावर वर्षाचें भवितव्य ठरतें. सामना अनिर्णित राहिल्यास पहिल्या डावांत ज्याची आघाडी, तो विजयी, असा आपल्या रणजी करंडकाचा नियम आहे. म्हणून चिकाटीच्या संघाला येथें नामवंतांवर मात करण्याची संधि मिळते, आणि ‘दुबळा विजेता कोण’ हा प्रश्न आपल्याकडे अधिकच अर्थपूर्ण ठरतो.

मुंबईच्या शिवाजी पार्कावर असो, वा पनवेलजवळच्या विचुंब्यासारख्या गांवांत असो, क्रिकेटचा विषय निघाला कीं तो रणजी करंडकावर आल्यावांचून राहत नाहीं. सन १९३४-३५ मध्यें ही स्पर्धा सुरू झाली. तिच्या इतिहासांत या वादासाठीं चार संघांचीं नांवें पुढें करतां येतात, आणि त्या चारही संघांशीं मराठी माणसाचा जवळचा संबंध आहे.

पहिला संघ महाराष्ट्राचा. सन १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें या संघानें करंडक जिंकला. त्याचे कर्णधार प्रा. दि. ब. देवधर हे पुण्याच्या महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे गृहस्थ असून, त्या वेळीं पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. या वयांत बहुतेक खेळाडू बॅट खुंटीला टांगून स्मरणरंजनांत दंग असतात; देवधरांनीं मात्र १९४०-४१ च्या हंगामांत बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्या सामन्यांत महाराष्ट्राच्या ६७५ धावांना मुंबईनें ६५० धावांनीं उत्तर दिलें, आणि अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढें सरकला. तेव्हां या संघाचे मोहरे कोण होते? देवधर अधिकृत कसोटी सामना कधींच खेळले नाहींत. विजय हजारे व रंगा सोहोनी यांनीं तोंवर एकही कसोटी सामना खेळलेला नव्हता. कसोटी सामन्यांच्या संख्येवरून गुण मोजावयाचा म्हटलें, तर या तिघांचा हिशेब शून्यावर येतो.

परंतु पुढें काय झालें? १९३९-४० मध्यें बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढणारे हजारे १९४६ सालीं इंग्लंडांत कसोटी सामना खेळले, एकंदर ३० कसोट्या खेळले, आणि १९५२ सालीं मद्रासला भारतानें आपला पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हां संघाचे कर्णधार तेच होते. सोहोनीही १९४६ सालींच कसोटीपटु झाले. सन १९३६ ते १९४६ या दहा वर्षांत भारत एकही अधिकृत कसोटी खेळला नाहीं, त्यामुळें या मंडळींच्या गुणांवर शिक्कामोर्तब होण्यास विलंब लागला, इतकेंच. गुण होता; शिक्का नव्हता. तेव्हां महाराष्ट्राचें नांव या यादींतून खोडून टाकणेंच न्यायाचें होईल.

दुसरा संघ १९७०-७१ सालचा मुंबईचा. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत मुंबईनें सलग १५ वेळां करंडक जिंकला, हें सर्वश्रुत आहे. त्यांतील हें तेरावें वर्ष इतर चौदा वर्षांहून अगदीं निराळें होतें. त्या हंगामाच्या उत्तरार्धांत भारताचा १६ जणांचा संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेला. त्यांत कर्णधार अजित वाडेकर, दिलीप सरदेसाई, सुनील गावस्कर, एकनाथ सोलकर व अशोक मांकड असे पांच खेळाडू मुंबईचे होते. तिकडे गावस्करनें आपल्या पहिल्याच चार कसोट्यांत ७७४ धावा केल्या, सरदेसाईनें ६४२ केल्या, आणि भारतानें वेस्ट इंडीजविरुद्ध प्रथमच मालिका जिंकली. साऱ्या देशाचे कान त्या दूरच्या बेटांकडून येणाऱ्या वार्तेकडे लागलेले असतां, इकडे ब्रेबॉर्न मैदानावर मुंबईचा उरलासुरला संघ अंतिम सामन्यास उतरला. त्याचा कर्णधार होता सुधीर नाईक. प्रतिपक्ष महाराष्ट्राचा होता, आणि दौऱ्यावर गेलेल्या सोळा जणांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नसल्यामुळें त्यांचा संघ अभंग होता. मुंबईनें हा सामना ४८ धावांनीं जिंकला.

पांच मोती गळून पडल्यावर उरलेल्या माळेला कोणी माळ म्हणेल काय? तरीही ती माळ राहिली, याचें रहस्य मुंबईच्या मैदानांत शोधावें लागतें. हॅरिस शील्ड व गाइल्स शील्ड या शालेय स्पर्धा, कचेऱ्यांची टाइम्स शील्ड, आणि १९४८ सालीं सुरू झालेली व भर पावसाळ्यांत ओल्या खेळपट्टीवर खेळली जाणारी कांगा लीग, या चाळणींतून शेंकडों खेळाडू दरवर्षीं गाळून निघत. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधीं उसळे, कधीं सरपटे. तेथें तीस धावा काढणारा फलंदाज कोरड्या मैदानावर सहसा डगमगत नसे. संघांतील एक गडी गेला, तर त्याच तालमींत तयार झालेला दुसरा त्याच्या जागीं उभा राही. ही राखीव पुंजी धावफलकावर दिसत नाहीं, म्हणून ती नसतेच असें मानणें हा हिशेबाचा दोष आहे.

या पुंजीचें मूर्तिमंत उदाहरण म्हणजे डावखुरे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर. या पंधरा वर्षांच्या परंपरेंतील अखेरच्या विजयाच्या वेळीं, १९७२-७३ मध्यें, मद्रास येथें तामिळनाडूविरुद्ध अंतिम सामन्यांत त्यांनीं एका डावांत १६ धावांत ८ व दुसऱ्यांत १८ धावांत ५ बळी घेतले. त्यांच्या प्रथम श्रेणीच्या बळींची संख्या ५८९ आहे. कसोटी सामने मात्र शून्य! बिशनसिंग बेदी यांच्यासारखा अलौकिक गोलंदाज त्याच काळांत त्याच हातानें गोलंदाजी करीत होता, आणि भारतीय संघांत तशी जागा एकच होती. २०१७ सालीं नियामक मंडळानें शिवलकरांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, आणि मार्च २०२५ मध्यें त्यांचें निधन झालें. केवळ कसोटीच्या टोपीवरून गुण मोजणाऱ्याच्या वहींत या गृहस्थाची नोंद कोणत्या रकान्यांत करावयाची?

सुधीर नाईक यांची कथा तर याहूनही बोलकी आहे. दिग्गजांवांचून करंडक राखल्याबद्दल त्यांच्या नेतृत्वाची सर्वत्र प्रशंसा झाली. परंतु १९७१-७२ चा हंगाम सुरू झाला, दौऱ्यावरचे फलंदाज परतले, आणि आदल्या वर्षींच्या विजयी कर्णधाराला अकरा जणांतून वगळण्यांत आलें! यांत निवड करणाऱ्यांनीं अन्याय केला असें म्हणवत नाहीं. गावस्कर व वाडेकर यांना बाहेर बसवावें असें कोण म्हणेल? परंतु या एका घटनेवरून ‘दुबळा विजेता’ या शब्दाची खरी किंमत कळून येते. हा शब्द बैठकींतल्या रसिकाला फुकट पडतो. त्याची भरपाई कोणा एका खेळाडूला करावी लागते. नाईक पुढें १९७४ सालीं इंग्लंडांत आपल्या पहिल्या कसोटींत दुसऱ्या डावांत ७७ धावा करून गेले. एकंदर तीनच कसोट्या त्यांच्या वाट्याला आल्या. नंतर वानखेडे मैदानाची खेळपट्टी राखण्याचें काम त्यांनीं दीर्घकाळ केलें. २०२३ सालीं ते निवर्तले.

तिसरा संघ राजस्थानचा, सन २०१०-११ चा. त्याचा कर्णधार पुण्याचा हृषीकेश कानिटकर होता. या संघाचें प्रकरण मोठें विलक्षण आहे. रणजी स्पर्धेंत त्या काळीं वरिष्ठ व कनिष्ठ असे दोन गट असत, आणि राजस्थान कनिष्ठ गटांत, तोही तळाशीं पडलेला होता. संघाचा कणा म्हणून बाहेरून आणलेले कानिटकर, आकाश चोप्रा व रश्मीरंजन परीडा हे तिघे. त्यांपैकीं कानिटकर व चोप्रा यांची कसोटी कारकीर्द केव्हांच संपली होती, आणि परीडा यांची सुरूच झाली नव्हती. बाकीचीं नांवें राजस्थानाबाहेर फारशीं कोणाला ठाऊक नव्हतीं. पहिल्याच सामन्यांत दीपक चाहर नांवाच्या अठरा वर्षांच्या पोरानें १० धावांत ८ बळी घेतले, आणि हैदराबादचा डाव २१ धावांत आटोपला. तेथून चढत चढत या संघानें बडोद्यास अंतिम सामन्यांत यजमान संघावर पहिल्या डावाची आघाडी घेतली, आणि राजस्थानाला पहिलाच करंडक मिळवून दिला. कनिष्ठ गटांतून येऊन अजिंक्यपद मिळविणारा हा पहिलाच संघ.

यांतील विरोधाभास पाहण्यासारखा आहे. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळांत राजस्थान आठ वेळां अंतिम सामन्यांत पोंचलें होतें. त्या काळांत सलीम दुराणी, हनुमंतसिंग, विजय मांजरेकर यांच्यासारखे कसोटीवीर त्या संघाकडून खेळले. तरीही आठही वेळां पराभव पदरीं आला. सात वेळां मुंबईकडून, एकदां कर्नाटकाकडून. जें रत्नांना साधलें नाहीं, तें साध्या खड्यांनीं साधलें. केवळ कागदावरील तोल पाहूनच निर्णय द्यावयाचा असेल, तर सर्वांत अल्पगुणी विजेता म्हणून राजस्थानच्या या संघाचेंच नांव घ्यावें लागेल.

चौथा संघ विदर्भाचा, सन २०१७-१८ चा. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळत आला. परंतु साठ वर्षें त्यानें अंतिम सामन्याचें तोंडसुद्धां पाहिलें नव्हतें. त्या वर्षीं कर्णधार होता फैज फजल, भारतातर्फे एकच एकदिवसीय सामना खेळलेला. शिक्षक होते मुंबईचे चंद्रकांत पंडित, शिस्तीला कडक व कामाला कठोर म्हणून प्रसिद्ध. संघांत नांवाजलेले दोघेच: उत्तर वयाकडे झुकलेला वसीम जाफर आणि जलद गोलंदाज उमेश यादव. त्यांतही यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेस गेल्यामुळें अंतिम सामन्यास नव्हता. कोलकात्यास कर्नाटकाविरुद्ध उपांत्य सामना विदर्भानें अवघ्या ५ धावांनीं जिंकला. तरुण जलद गोलंदाज रजनीश गुरबाणी यानें त्यांत १२ बळी घेतले. इंदूरच्या अंतिम सामन्यांत त्यानें दिल्लीचे तीन गडी लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद केले. रणजीच्या अंतिम सामन्यांत असा पराक्रम त्यापूर्वीं एकदांच घडला होता. यष्टिरक्षक अक्षय वाडकर यानें आपलें पहिलें शतक, १३३ धावांचें, त्याच सामन्यांत झळकविलें. नववर्षाच्या पहिल्या दिवशीं विदर्भानें नऊ गडी राखून विजय मिळविला.

आतां कोणी शंका काढील कीं, हें सारें दैवाचें देणें. उपांत्य सामन्यांत पांच धावा उलट्या पडल्या असत्या, तर विदर्भाचें नांव कोणी घेतलें असतें काय? ही शंका रास्त आहे, आणि तिला उत्तरही तितक्याच रास्तपणें दिलें पाहिजे. क्रिकेटमध्यें दैव आहे, हें कबूलच करावयास हवें. परंतु दैवाचा एक स्वभाव असा कीं, तें एकाच घरीं वरचेवर मुक्काम करीत नाहीं. म्हणून या चारही संघांचें पुढील वर्ष तपासून पाहावें. महाराष्ट्रानें १९४०-४१ मध्यें करंडक राखला. मुंबईनें १९७१-७२ मध्यें राखला; मात्र तेव्हां दौऱ्यावरचे वीर परत आलेले होते, एवढें येथें नमूद केलें पाहिजे. राजस्थानानें २०११-१२ मध्यें मद्रासच्या, म्हणजे आतांच्या चेन्नईच्या मैदानावर तामिळनाडूला त्यांच्याच घरीं नमविलें; त्या सामन्यांत विनीत सक्सेनानें एकट्यानें २५७ धावा केल्या. विदर्भानें २०१८-१९ मध्यें नागपूरला सौराष्ट्रास ७८ धावांनीं हरविलें. आदित्य सरवटे या फिरकी गोलंदाजानें ११ बळी घेतांना चेतेश्वर पुजारासारख्या भक्कम फलंदाजास दोन्ही डावांत मिळून एकच धाव करूं दिली. पुढें २०२४-२५ मध्यें केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भानें तिसऱ्यांदाही करंडक घेतला, तेव्हां कर्णधार होता तोच अक्षय वाडकर.

ज्या चार संघांना ‘दुबळे विजेते’ म्हणून हिणवतां आलें असतें, त्यांपैकीं एकाचाही करंडक दुसऱ्या वर्षीं हातचा गेला नाहीं! यावरून काय निष्पन्न होतें? हे संघ गुणहीन नव्हते. महाराष्ट्राचा गुण अद्यापि उजेडांत यावयाचा होता. मुंबईचा गुण थोरांच्या सावलींत झाकलेला होता. राजस्थान व विदर्भ यांचा गुण एकेकट्या खेळाडूंत नव्हे, तर त्यांच्या जुळणींत होता. परप्रांतांतून आणलेले अनुभवी फलंदाज, घरचे भुकेले तरुण गोलंदाज, आणि दोघांना एका दाव्याला बांधणारा कर्णधार वा शिक्षक, अशी ती जुळणी होती. पंडितांनीं २०२१-२२ मध्यें मध्य प्रदेशालाही त्याच रीतीनें पहिला करंडक मिळवून दिला, आणि तोही अंतिम सामन्यांत मुंबईस हरवून! एकदां घडलें तर योगायोग म्हणावा. निरनिराळ्या गांवीं पुन्हां पुन्हां घडलें तर ती विद्याच म्हटली पाहिजे.

लौकिक व गुण यांच्या या ताटातुटीचें सर्वांत ताजें उदाहरण नव्या मुंबईंतलेंच आहे. १९८८ सालीं शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनीं ६६४ धावांची अभेद्य भागीदारी रचली, तेव्हां पुढचा फलंदाज म्हणून अमोल मुजुमदार पायांना पॅड बांधून वाट पाहत बसला होता. त्याची पाळी आलीच नाहीं. पुढें त्यानें प्रथम श्रेणीच्या १७१ सामन्यांत ११,१६७ धावा केल्या. २००६-०७ च्या हंगामांत बडोद्याविरुद्ध उपांत्य सामन्यांत मुंबईचे पांच गडी शून्य धावांवर बाद झाले असतां, ज्या संघानें तो सामना व नंतर करंडकही जिंकला, त्या संघाचा कर्णधार तोच होता. भारताच्या संघांत मात्र त्याला एकदांही स्थान मिळालें नाहीं.

हाच मुजुमदार पुढें भारतीय महिला संघाचा मुख्य शिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकांत त्याच्या संघानें साखळींत दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांच्याकडून लागोपाठ तीन सामने गमावले, तेव्हां हा संघ दुबळा असल्याचा निर्वाळा कित्येकांनीं देऊन टाकला होता. नंतर उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार करतांना जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. इंग्लंडविरुद्धच्या साखळी सामन्यांत तिलाच वगळलें होतें. अंतिम सामन्यांत भारतातर्फे सर्वाधिक ८७ धावा शफाली वर्मानें काढल्या. ती मूळ निवडीत नव्हतीच, एका जखमी सहकारिणीच्या जागीं तिला बोलावणें गेलें होतें. २ नोव्हेंबर २०२५ च्या त्या रात्रीं दक्षिण आफ्रिकेवर ५२ धावांनीं विजय मिळाला, आणि भारतीय महिलांनीं विश्वचषक प्रथमच जिंकला.

तो सामना नेरूळच्या मैदानावर झाला. पनवेल व विचुंबे या बाजूच्या रहिवाशांना तें मैदान म्हणजे आगगाडीनें थोड्याच अवधीचा प्रवास. या परिसरांतील पोरें सुटीच्या दिवशीं मोकळ्या जागेंत विटांच्या यष्ट्या रचून खेळतात, आणि संघ निवडतांना कोणातरी एकाला सर्वांत शेवटीं घेतात. तो शेवटीं घेतलेला मुलगा खरोखरच दुबळा आहे, कीं त्याची पाळी अजून आलेली नाहीं, हें निवड करणाऱ्या पोरांना त्या क्षणीं कळत नाहीं. मोठ्यांच्या निवड समितींतही तें दर वेळीं कळतेंच असें नाहीं.